उपाशी म्हणजे उपवास नव्हे: सर्जिकल वॉर्डला लागलेल्या नव्या सिस्टरला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. शाळा मराठीतून, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नुकतंच पूर्ण, आणि पहिली नोकरी चिकोडीकडच्या एका हॉस्पिटलात, सर्जिकल वॉर्डला. महिनाभरात ओटीतही (ऑपरेशन थिएटरमध्ये) पाठवणार आहेत. ती लिहिते: ‘ऑपरेशनच्या आधीची, चालू असतानाची आणि नंतरची काळजी पाठ आहे, पण पेशंटसमोर उभी राहिले की आधी काय बघू तेच सुचत नाही. ओटीची तर भीतीच वाटते. त्यात माझं कन्नड कच्चं. काय करू?’

मी बेळगावात नि आसपासच्या हॉस्पिटलांत सत्तावीस वर्षं काढली, निम्मी वॉर्डात, निम्मी ओटीत. त्यामुळे जरा लांबडं लिहीन.

पुस्तकाला प्रकरणं लागतात म्हणून त्यात तीन भाग असतात. पेशंट एकच असतो. वॉर्डातून ओटीत, ओटीतून रिकव्हरीत (भूल उतरेपर्यंत ठेवतात त्या खोलीत), रिकव्हरीतून परत वॉर्डात आणि तिथून घरी, असा चार वेळा तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. माझ्या बघण्यातल्या बहुतेक चुका या देण्याघेण्यात झाल्या. चुकीचं औषध दिलं असं क्वचित घडलं. ‘मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल’ असं कितीतरी वेळा. आणि आपल्या भागात या देण्याघेण्यात भाषासुद्धा बदलते. पेशंट मराठीत सांगतो, समोरची सिस्टर कन्नडमधून समजून घेते आणि कागदावर उतरतं इंग्रजी.

माझ्या चुकीपासूनच सुरुवात करते. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. कागवाडकडचे एक आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन सकाळी पहिलंच. आदल्या रात्री मी चादर नीट करता करता म्हणाले, ‘आजोबा, उद्या उपवास हं.’ त्यांनी मान डोलावली. सकाळी सातला न्यायला गेले तर खाटेखाली स्टीलचा डबा, झाकण अर्धवट उघडं, आणि दाण्याच्या कुटाचा वास. साबुदाण्याची खिचडी! आजी अगदी निर्धास्त होत्या: ‘तुम्हीच म्हणालात न्हवं उपवास? म्हणून भाकरी दिली न्हाई.’ त्यांचं काय चुकलं? मराठी माणसाला उपवास सांगितला तर तो उपवासाचं खाणारच. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी ‘उपाशी’ म्हणते, आणि त्याच्यावरही विसंबत नाही. ‘दूध नाही, चहा नाही, केळं नाही, साबुदाणा नाही, प्रसादसुद्धा नाही’ असं एकेक नाव घेऊन सांगते आणि मग विचारते, ‘काय कळलं ते मला सांगा बघू.’ भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची राखण बंद पडते; पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरतं. यासाठी हे सगळं. तळलेलं, तेलतुपाचं, मटण असं जेवण असेल तर 8 तास, हलकं खाणं असेल तर 6, आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचं दूध 4 तास आधीपर्यंत. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, त्याला 6 तासच धरायचे. खिचडीत तूपही आलं आणि दाणेही आले, म्हणजे आजोबांचे 8 तास.

उलटी चूकही होते आणि तिची कोणी दखल घेत नाही. ‘रात्री बारानंतर काही नको’ असं सरसकट सांगितलं जातं, आणि सत्तरीच्या म्हातारीचा नंबर लागतो दुपारी तीनला. पंधरा तास पाण्याचा थेंब नाही. तिची जीभ कोरडी, शीर सापडत नाही, भूल देताच बीपी कोसळतं. यादीत कोणाचा नंबर कुठे आहे ते सकाळीच बघ आणि उशिराच्या पेशंटांना पाणी कधीपर्यंत द्यायचं ते भूलतज्ज्ञांना विचारून लिहून घे. लाज वाटून घेऊ नकोस.

चिकोडी-निपाणी पट्ट्यात आणखी एक गोष्ट. हा तंबाखूचा मुलूख. बायका सकाळी उठल्या की मिश्री लावणार, आणि मिश्री म्हणजे ‘खाणं’ नव्हे असं त्यांचं ठाम मत. पुरुषांची तंबाखूची चिमूट गालात कधी असते ते त्यांनाही आठवत नाही. म्हणून ‘काही खाल्लं का?’ असं विचारू नकोस. ‘सकाळपासून तोंडात काय काय घातलं?’ असं विचार. आणि तोंड उघडायला लाव, दिव्याखाली बघ. कवळी आहे का, हलता दात आहे का, तेही त्याच वेळी कळतं. तंबाखू आणि विडी ओढणाऱ्याची छाती ऑपरेशननंतर त्रास देणार हे गृहीत धर. ऑपरेशनला चार-सहा आठवडे वेळ असेल तर आधीच सोडायला सांगितल्याचा खरा उपयोग होतो. आदल्या रात्री सांगून फक्त तुझं समाधान.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. साखरेच्या, बीपीच्या आणि रक्त पातळ करण्याच्या, अशा तीन जातींच्या गोळ्या पिशवीतून बाहेर काढून खाटेवर मांडायच्या आणि कोणती चालू ठेवायची, कोणती बंद, हे डॉक्टरांकडून नावानिशी लिहून घ्यायचं. पेशंट ‘एक पांढरी, एक गुलाबी’ एवढंच सांगतो. साखरेच्या काही नव्या गोळ्या, ज्यांचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं, त्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात, त्या चालू राहिल्या तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी बंद करतात, पण हृदयात स्टेंट असलेल्याला ते स्वतःहून बंद करायला कधीही सांगायचं नाही. तो निर्णय त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांचा.

नाव विचारण्याची पद्धत बदल. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलंस तर आपल्या भागात चार खाटांवरून ‘हूं’ येईल. घाबरलेला माणूस कशालाही हूं म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा, कसलं ऑपरेशन आहे सांगा.’ त्याच्या तोंडून वदवायचं, मग मनगटावरची पट्टी आणि केसपेपर जुळवायचा. बाजू असेल तर आणखी जपून. आपला डावा-उजवा, कन्नडमधला एड-बल आणि कागदावरचं लेफ्ट-राइट, या तीन जोड्यांत एखादी फिरायला वेळ लागत नाही. पेशंटला त्याचा हात दुखऱ्या जागेवर ठेवायला लाव. सर्जननी मार्करने खूण केलेली असली पाहिजे, तीही पेशंट जागा असताना. खूण नसेल तर स्ट्रेचर वॉर्डाबाहेर काढू नकोस. ओटीतून फोन येईल, ‘पाठवा लवकर’. येऊ दे.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं आणि कितीतरी पेशंटांना मराठीच वाचता येतं; काहींना तेही नाही. ऑपरेशन समजावणं हे डॉक्टरांचं काम. पण सही किंवा अंगठा घेताना तू तिथे असतेस. ‘काय करणार आहेत तुम्हाला?’ एवढं विचार. उत्तरात ‘काय की, डॉक्टरांना म्हाईत’ आलं तर डॉक्टरांना परत बोलव. एका बाईला ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणजे पित्ताची पिशवी वाटत होती. कागदावर होती गर्भपिशवी. दोन्हींना आपण पिशवीच म्हणतो ना!

दागिन्यांवरून रडारड होते. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, हिरव्या बांगड्या. ‘काढून ठेवा’ असं रुक्षपणे म्हटलंस तर सासू आणि सून दोघी बिथरतील. कॉटरीच्या (विजेवर कापायच्या, रक्त थांबवायच्या अवजाराच्या) विजेमुळे धातूला चिकटलेली कातडी भाजू शकते आणि हात सुजला की अंगठी कापावी लागते, हे आधी सांग. मंगळसूत्र नवऱ्याच्या किंवा आईच्या हातात द्यायला लाव, वहीत लिहून सही घे. अगदीच निघत नसेल ते चिकटपट्टीने झाकून ओटीला कळव. नखांचं पॉलिश एका बोटाचं तरी काढ, म्हणजे ऑक्सिजनची चिमटी नीट दाखवेल. आणि केस: ब्लेडने खरवडून काढायची जुनी सवय अजून कितीतरी ठिकाणी आहे. ब्लेडने कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना दार उघडतं. केस आड येत नसतील तर काढूच नयेत; काढायचेच तर क्लिपरने, ऑपरेशनच्या अगदी आधी. तुमच्याकडे क्लिपर नसेल तर इन्चार्ज सिस्टरांकडे मागणी टाक. मी दोन वर्षं टाकत होते, मग आला.

आता ओटी. भीती वाटते म्हणतेस, ते बरंच आहे. निर्धास्त सर्क्युलेटर (टेबलाबाहेर राहून सामान पुरवणारी सिस्टर) मला आवडत नाही. सर्जनच्या हातात अवजारं देणाऱ्या स्क्रब नर्सचं लक्ष जखमेवर असतं, सर्क्युलेटरचं खोलीतल्या बाकी सगळ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ऑपरेशनसाठी एकोणीस मुद्द्यांची एक यादी काढली: भूल देण्याआधी साइन-इन, कातडीला सुरी लावण्याआधी टाइम-आउट, पेशंट ओटीतून बाहेर जाण्याआधी साइन-आउट. आपल्या दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली. 2009 मध्ये छापून आलेले आकडे असे: मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले आणि मोठे त्रास 11 वरून 7 टक्क्यांवर. कुठलंही नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही. थांबून, मोठ्याने बोलून घेणं एवढंच. पण ही यादी संध्याकाळी बसून एका पेनाने भरली तर तिचा उपयोग शून्य, आणि तशी भरलेली मी पुष्कळ पाहिली आहे. तू टाइम-आउट मोठ्याने वाच. एखादे सर्जन ‘झालं का तुमचं भजन?’ म्हणतील. भजन पुरं कर. अँटिबायोटिक सुरी लागण्याआधी साधारण तासाभरात गेलं की नाही, हे त्याच वेळी कळतं. ते वॉर्डातच पहाटे देऊन टाकलं असेल तर नेमक्या वेळी रक्तात कमी पडतं.

मोजणी. मॉप (रक्त टिपायची मोठी कापडं), गॉज, सुया, अवजारं. सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी, कातडी शिवण्याआधी, आणि मध्ये माणूस बदलला तर तेव्हाही. दोघींनी मिळून, मोठ्याने, डोळ्यांनी बघत आणि एकाच भाषेत. हसू नकोस. स्क्रब सिस्टर ‘वन, टू, थ्री’ म्हणतेय आणि सर्क्युलेटर मनात ‘मूर, नाक, ऐद’ (तीन, चार, पाच) करतेय, अशा मोजणीत एक गळलेला मी पाहिलाय. पोट बंद करायची वेळ, दहा मॉप हवेत, नऊच. सर्जन म्हणाले, आत नाही, मी बघितलंय. मी म्हटलं, सर, नऊ आहेत. परत म्हणाले. मी परत म्हटलं. वापरलेले मॉप टाकायची किक-बकेट जमिनीवर पालथी केली, एकेक मॉप उलगडून पाच-पाचच्या ओळी मांडल्या. नऊच. सर्जननी पोट परत चाचपलं, आत खरंच नव्हता. शेवटी तो सापडला ड्रेपच्या (पेशंटवर पांघरलेल्या निर्जंतुक कापडाच्या) घडीत, टेबलाच्या पायथ्याशी, रक्ताने चिकटलेला. दहा-बारा मिनिटं गेली आणि सर्जन दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तरी उद्या तेच झालं तर मी तेच करीन. नाही सापडला तर एक्स-रे. मॉपमध्ये जो निळा धागा असतो तो एक्स-रेत दिसावा म्हणूनच घातलेला असतो.

टेबलावरचा पेशंट ‘हात अवघडलाय’ म्हणू शकत नाही, ते तुला त्याच्या वतीने बघायचंय. हात बाजूला पसरताना काटकोनाच्या आत, नाहीतर खांद्यातल्या नसा ताणतात. पाय वर बांधताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पॅड घाल, नाहीतर तिथली नस दबून पाऊल लोंबकळतं. टाचांखाली मऊ काही, डोळे चिकटपट्टीने बंद. कॉटरीची प्लेट मांसल, कोरड्या जागी, हाडावर नाही. स्पिरिटचं औषध कातडीला लावलं की पाठीखाली, मांडीच्या घडीत साचलंय का बघ आणि ते पूर्ण वाळू दे. ओल्या स्पिरिटवर कॉटरीची ठिणगी पडली तर ड्रेपखाली आग लागते आणि दिव्याच्या झोतात ती ज्वाळा दिसतही नाही. उघड्या पोटाने एसीत दोन तास पडलेलं माणूस गार पडतं, अंगाचं तापमान 36 अंशांखाली गेलं की रक्त नीट गोठत नाही आणि जखमही चिघळते. नको तेवढं उघडं ठेवू नकोस.

रिकव्हरीतून पेशंट ताब्यात घेताना माझा एक हट्ट असे: कागद नंतर, आधी माणूस. ‘निम्म हेसरेन्री?’ किंवा ‘मावशी, नाव काय?’ विचारायचं, उत्तर आलं की श्वासाची वाट मोकळी आणि मेंदू जागा, दोन्ही कळतं. मग छाती बघत मिनिटभर श्वास मोजायचे. पूर्ण मिनिट. चार्टवर सगळ्या पेशंटांचे श्वास 18 किंवा 20 लिहिलेले असतात, ते कसे ते तुलाही ठाऊक आहे. अफूच्या जातीची इंजेक्शनं दिलेला माणूस ‘छान झोपलाय’ म्हणून सोडून दिला आणि श्वास मिनिटाला आठ, असं होतं. ऑक्सिजन लावलेला असेल तर चिमटीवरचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो, म्हणून मोजणीला पर्याय नाही. रिकव्हरीतून सोडताना ॲल्ड्रेट स्कोअर बघतात, मूळ 1970 ची, पुढे सुधारलेली पद्धत: हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध आणि ऑक्सिजन, प्रत्येकी दोन गुण, दहापैकी किमान नऊ. वॉर्डात आल्यावर पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग तासाने, असं सर्वसाधारणपणे बघायचं. पण आकडे लिहिणं आणि आकडे वाचणं यात फरक आहे.

एक रात्र सांगते. गर्भपिशवी काढलेली बाई, चाळिशीची, साधारण साठ किलोची. संध्याकाळी सहाला वॉर्डात आली. ताबा देणारी म्हणाली, ‘सगळं ठीक, बीपी 118.’ नऊच्या सुमारास ती म्हणाली, ‘सिस्टर, पंखा वाढवा, कसंतरीच होतंय.’ मी पंखा वाढवला. तो तास मी गमावला, हे आजही सलतं. दहाला ती चादर ओढतेय, पाणी मागतेय, बहीण म्हणतेय ‘ती अशीच किरकिरी हाय’. तेव्हा मी चार्टवर मागे बघितलं. नाडी 92, मग 104, मग 116, आता 126. बीपी 114. ड्रेसिंग कोरडं, ड्रेनमध्ये (आतलं रक्त-पाणी बाहेर काढायच्या नळीत) जेमतेम वीस मिली. सगळं चांगलं दिसत होतं! पण लघवीच्या पिशवीत दोन तासांत तीसच मिली. माणसाला किलोमागे तासाला अर्धा मिली तरी हवी, म्हणजे तिला तासाला तीस. पापणी खाली ओढली, आतून पांढरीफटक. ड्यूटी डॉक्टर फोनवर म्हणाले, दुखत असेल, इंजेक्शन द्या. मी नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं असतं तर ते आलेच नसते. मी नाडीचे चार आकडे वेळेसकट वाचले, लघवी सांगितली, पापणी सांगितली आणि म्हटलं, ‘आत रक्तस्राव असावा, तुम्ही येऊन बघा.’ आले. ड्रेनच्या नळीत रक्ताची गाठ अडकली होती, बाहेर काही येतच नव्हतं. अकरा वाजता परत ओटी, दोन बाटल्या रक्त. नवव्या दिवशी चालत घरी गेली.

शरीरातलं 15 ते 30 टक्के रक्त जाईपर्यंतही वरचं बीपी टिकून राहू शकतं, कारण शिरा आवळून शरीर ते धरून ठेवतं. नाडी आधी पळते, बीपी शेवटी पडतं. फक्त एक लक्षात ठेव: पेशंट मेटोप्रोलोलसारखी नाडी हळू करणारी गोळी घेत असेल तर नाडीही पळणार नाही. म्हणून आधी ती गोळ्यांची पिशवी.

तर बेचैन पेशंट दिसला की माझा क्रम असा. आधी ऑक्सिजन आणि श्वास, मग रक्तस्राव, मग लघवी तुंबलीय का, आणि या तिन्ही बघून झाल्यावर वेदना. दुखण्याचं इंजेक्शन वाईट असं नाही, पण ते आधी दिलं की बाकीचं झाकलं जातं. लघवीचं तर विसरूच नकोस. स्पायनलनंतर (पाठीत सुई देऊन कमरेखाली दिलेल्या भुलीनंतर) हर्नियाचा, मूळव्याधीचा म्हातारा माणूस शिव्या देऊ लागला की बेंबीखाली हात ठेव. टरटरीत गोळा लागला तर मूत्राशय भरलंय. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर डॉक्टरांना सांगायचंच. सिझरच्या बाईचं वेगळं: पोटावर हात ठेवून गर्भपिशवी आवळलेली आहे का बघ आणि पॅड किती भिजले ते मोज, नातेवाइकांना विचारून नव्हे, स्वतः बघून.

वेदना मोजायची ‘दहापैकी किती’ ही पट्टी आपल्या म्हाताऱ्यांना कळत नाही. ‘धापैकी? न्हाई, एकच टाका दुखायलाय.’ मी विचारते, ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ लगेच उत्तर येतं: ‘बारा आणे.’ सोळा आणे म्हणजे सगळंच, चार आणे म्हणजे सोसवेल, हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. बारा आणे म्हणजे दहातले साडेसात, चार्टवर तसं लिहायचं. पोरासोरांना आणे माहीत नाहीत, त्यांना चेहऱ्यांचं चित्र दाखव. पण इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने परत विचारायला जायचं, ते कोणी करत नाही. आणि तो नुसता पडलेला असताना विचारू नको, खोकायला लावून विचार. खोकता येत नसेल तर कफ आत बसणार. पोटावर उशी घट्ट धरून खोकायचं, तासाला दहा खोल श्वास, पाय पंज्यातून हलवत राहायचं, आणि डॉक्टर हो म्हणाले की त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी खाटेवरून उतरवायचं. एकदम उभं करू नको, पाय सोडून दोन मिनिटं बसव.

नातेवाइकांवर नजर ठेव, प्रेमाने. स्पायनलनंतर पेशंट कुडकुडतो, पाय गार लागतात, मग कोणीतरी घरून गरम पाण्याची पिशवी आणून पावलांना लावतं. त्या पायांना काही कळतच नसतं. सकाळी टाचेवर फोड. ब्लँकेट दे, पिशवी काढून घे.

घरी पाठवताना खाण्यावरून वाद होतो. ‘भात खाल्ला की टाके पिकतात’, वांगं नको, आंबट नको, अंडं तर नकोच. मग महिनाभर पातळ लापशी, आणि जखम भरायला जी प्रथिनं लागतात तीच बंद. भाताने पू होत नाही हे स्पष्ट सांग. डाळ, अंडं, दूध, उसळ, जे घरात चालत असेल ते वाढवायला सांग. साखरवाला असेल तर मोजून. तू खानापूरची आहेस, तुला पाऊस सांगायला नको. कणकुंबी-जांबोटीकडचा पेशंट जुलैत घरी जातो तेव्हा कपडे चुलीवर वाळतात आणि ड्रेसिंग दमटच राहतं. ओलं झालेलं ड्रेसिंग कोरड्यापेक्षा वाईट, ते लगेच बदलायचं. त्यावर हळद, राख, कसलाही पाला नाही. टाके सहसा पोटाचे सात ते दहा दिवसांनी, हातापायाचे दहा ते चौदा. तारीख कागदावर लिहून वर तोंडाने ‘पुढच्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी’ असंही सांग, म्हणजे लक्षात राहतं. ऊसतोडीला, ओझ्याला परत कधी ते सर्जनकडून नेमकं विचारून घे. ‘जपून राहा’ याचा अर्थ कामकरी माणूस ‘परवापासून कामाला’ असा करतो.

ताप, जखमेतून घाण वासाचं पाणी, एकाच पोटरीला सूज, धाप, सारखी उलटी: यातलं काही झालं तर वडाप (प्रवासी जीप) पकडून यायचं, सोमवारची वाट बघायची नाही. आणि आपल्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेच्या गाडीत बसतात, डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल काढलं त्या काळापासून. आज कोणी कोल्हापूरला जातो, कोणी गोव्याला. तिकडे ऑपरेशन होतं आणि ड्रेसिंगला तुझ्यापुढे येतात. आत ड्रेन किंवा जाळी ठेवलीय का, कोणतं अँटिबायोटिक किती दिवस, हे डिस्चार्ज कार्डावर शोध. नसेल तर तिथल्या वॉर्डला फोन लाव. पेशंटला विचारून भागत नाही.

कन्नडचं शेवटी, कारण ते वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. तुला कन्नडमधून गप्पा मारायच्या नाहीत. वीस-पंचवीस शब्द लागतात: हेसर (नाव), नोव (दुखणं), उसिर (श्वास), नीर (पाणी), केम्म (खोकला), कण्ण (डोळा). ‘नोव ऐतेन्री?’ (दुखतंय का?), ‘उसिर जोर तगोरी’ (जोरात श्वास घ्या), ‘कण्ण तगीरी’ (डोळे उघडा). शेवटचा ‘री’ सोडू नकोस, त्यात आपल्या ‘अहो’चा मान आहे. पण ॲलर्जी, शेवटचं खाणं आणि संमती या तीन गोष्टी मोडक्या कन्नडमध्ये कधीही विचारू नकोस. तिथे कन्नड येणारी सिस्टर, नाहीतर वॉर्डातल्या मावशींना बाजूला उभं कर. पेशंटच्या लहान मुलाला दुभाषा बनवू नकोस, तो आईला वाईट बातमी सांगत नाही. आणि ओळखीचे दिसणारे शब्द जास्त तपास. कन्नड माणसानेही ‘उपवास’ म्हटलं तर त्याच्या घरी उपवासाला काय चालतं, ते विचारून घे.